मुक्या जेवणातला माउथ ऑर्गन

१

माझा थोरला भाऊ होबार्ट वारला आणि त्याच्या नातीचं, मार्लीचं, लग्न ठरलं, ते एकच वर्ष. जानेवारीत चर्चच्या आवारातली गोठलेली जमीन फोडून आम्ही त्याची कबर खणली, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी त्याच चर्चमध्ये मार्ली नवरी म्हणून उभी राहायची होती. या दोहोंच्या मधे, हॅलोविनच्या आदल्या संध्याकाळी, लोरीन सॅटरफील्डच्या लॉजमध्ये होबार्टचा माउथ ऑर्गन त्याच्या ताटातून नाहीसा झाला.

मेलेल्या माणसाचं ताट कसलं, असं कुणी विचारायच्या आत सांगतो. आमच्या डोंगरात हॅलोविनच्या सुमाराला मुकं जेवण घालायची जुनी चाल आहे. वर्षभरात गेलेल्या माणसासाठी टेबलाच्या टोकाला खुर्ची मांडायची. त्याच्या ताटात त्याची आवडती वस्तू ठेवून वर पांढरा रुमाल टाकायचा. बाकी सगळं उलटं. खोलीत उलट्या पावलांनी शिरायचं, काटा उजवीकडे, सुरी डावीकडे, आधी कॉफी आणि गोड, मग बीन्स आणि मक्याचा पाव, शेवटी सूप. आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. मधे एकदा सगळ्यांनी खुर्च्या वळवून भिंतीकडे तोंड करायचं, म्हणजे आलेल्या पाहुण्याला कुणी टक लावून न बघता दोन घास खाता येतात.

तर आम्ही भिंतीकडे तोंड केलं, पुन्हा वळलो, सूप संपवलं, आणि लोरीनने रुमाल उचलला. ताट रिकामं. माउथ ऑर्गन त्याच्या पत्र्याच्या डबीसकट गायब!

ओरडायला हवं होतं. पण मुक्या जेवणात ओरडता येत नाही. सगळ्यांचे डोळे बशीएवढे झाले, ऑटिसचा हात हवेत तसाच राहिला, मार्लीने तोंडावर दोन्ही हात दाबले. आम्ही तशाच गप्प तोंडांनी उठलो आणि रांगेने उलटं चालत दाराबाहेर निघालो. शेवटचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं आणि सगळी तोंडं एकदम फुटली.

"गेला!"

"कुठे गेला?"

"कुणी उठलं होतं का?"

"मी नाही बाई! मला तर भिंतीवरचं हरिणाचं मुंडकं दिसत होतं फक्त!"

"आणि चमचा बघितलात का?" ऑटिस ओरडला. "होबार्टच्या कपावर चमचा आडवा होता! त्याच्या घरी असायचा तसा! तो येऊन गेला, देवाशपथ येऊन गेला!"

माझी बहीण लिओटा, आम्हा सगळ्यांत मोठी, शांतपणे खुर्ची ओढून बसली. ती जिल्ह्याच्या कोर्टात वर्षानुवर्षं मॅजिस्ट्रेट होती.

"ऑटिस," ती म्हणाली, "भुताला खिसे नसतात. बस खाली. या घरातून कुणी बाहेर जाणार नाही."

२

त्या दिवशी सकाळी सगळं किती मजेत चाललं होतं!

ही भुताटकीच्या जागांची सहल होबार्टनेच सुरू केलेली. पोरं लहान होती तेव्हापासून दर ऑक्टोबरच्या शेवटी सगळ्यांना गाडीत कोंबायचं आणि कुठे बोगदा, कुठे पूल, कुठे ओसाड शाळा, असं हिंडायचं. पोरं मोठी झाली, सहल राहिली. गाडी माझी, कारण आयुष्यभर मी लाकडाचे ट्रक हाकलेत. पाट्या वाचायला उतारवयात शिकलो, पण अजून माझा भरवसा पाटीपेक्षा वळणावर जास्त.

या वेळी गाडीत आम्ही सहा जण. लिओटाताई माझ्या शेजारी. मधल्या बाकावर होबार्टची बायको व्हर्ना वहिनी आणि होबार्टचा जन्माचा मित्र ऑटिस हॅमरिक, पायांत त्याचा बँजो. मागे मार्ली आणि तिचा होणारा नवरा, थियो पेट्राकिस. तो कोलंबस शहरातला, बेकरीवाल्यांचा मुलगा. होबार्टला त्याने कधी पाहिलंच नव्हतं, अंत्यविधीनंतर पहिल्यांदा तो आमच्याकडे आला. उंच, किडकिडीत, आणि सगळ्या गोष्टींची परवानगी मागणारा.

"आजोबा, खिडकी उघडली तर चालेल?"

"उघड की. दार उघडलंस तर मात्र विचारत जा," मी म्हटलं.

"कोलंबसवाल्याला आपल्या हवेची सवय नाही," ऑटिस म्हणाला. "जास्त घेऊ नकोस हं, चढेल."

वहिनीच्या मांडीवर भोपळा होता. तोही होबार्टचा नियम. प्रत्येक जागी कोरलेला भोपळा पेटवून ठेवायचा, म्हणजे तिथल्या भुताला कळतं की आपली माणसं आली. दर वर्षी तो कोरायचा. या वर्षी वहिनीने कोरला आणि त्याला होबार्टचंच तोंड दिलं, वाकडं नाक, एका बाजूला उचललेली मिशी. मार्ली बघून खो खो हसली आणि मग तिने डोळे पुसले.

पहिला मुक्काम रेल्वेच्या जुन्या बोगद्यात. रूळ कधीच उखडलेत. आत कंदील घेऊन फिरणारा कुणी आहे म्हणतात. आम्ही भोपळ्यात मेणबत्ती लावली, भाजक्या भोपळ्याचा वास सुटला, ऑटिसने बँजोवर असं काही वाजवलं की कंदीलवाला असलाच तर तो दुसऱ्या तोंडाने पळाला असेल. वहिनीने थर्मासमधून कॉफी ओतली, मसालेदार मांस भरलेले पेपरोनी रोल वाटले. माझ्या हातात कप देताना तिने चमचा कपाच्या तोंडावर आडवा ठेवला.

"वहिनी, मी साखर घेत नाही," मी म्हटलं.

"अगंबाई, हो की!" म्हणून तिने चमचा काढून घेतला.

कॉफी पिता पिता ऑटिस म्हणाला, "वहिनी, जरा काढ तो माउथ ऑर्गन. बोगद्यात काय घुमेल! शनिवारची रंगीत तालीम होईल."

आमच्या घरातली प्रत्येक नवरी होबार्टच्या माउथ ऑर्गनच्या सुरावर घराबाहेर पडलेली. या वेळी तो ऑटिसने वाजवायचा, असं उन्हाळ्यातच ठरलं होतं. वहिनीने तेव्हा मान हलवली होती. आता तिने पिशवीतून डबी काढली, उघडून आम्हाला माउथ ऑर्गन दाखवला, आणि पुन्हा मिटली.

"शनिवारी," ती म्हणाली. "आज त्याच्या ताटात ठेवायचाय."

"अगं, एक फुंकर मारतो फक्त."

"शनिवारी म्हटलं ना."

ऑटिस माझ्याकडे बघून डोळा मिचकावत म्हणाला, "होबार्टने मला तो देऊ केला होता, माहीत आहे? तीनदा. तिन्ही वेळा चढलेली होती, पण देऊ केला होता."

सगळे हसलो. भोपळा पुन्हा वहिनीच्या मांडीवर गेला, आणि आम्ही लोरीनच्या लॉजकडे निघालो.

३

लिओटाताईने चौकशी स्वयंपाकघरात मांडली. लोरीनकडे सफरचंदांचे क्रेट पडले होते, दुसऱ्या दिवशी मुरंब्याची काहील चढवायची होती. ताईने एक सुरी स्वतः घेतली, एक समोर ठेवली. ज्याला बोलवायची त्याला आधी सफरचंद सोलायला लावायची.

"हात कामात असले की माणूस जिभेकडे लक्ष देत नाही," ती मला म्हणाली. "एझ्रा, तू कोपऱ्यात बस. आणि सफरचंदं खाऊ नकोस."

पहिली लोरीन. गोल गरगरीत, बोलघेवडी.

"ताई, माझ्या लॉजमध्ये तिसऱ्या मजल्यावरची बाई सोडली तर कुणी काही उचलत नाही. आणि ती बाई मरून जमाना झाला."

"पण ही गोष्ट पसरली तर पुढच्या हॅलोविनला तुझ्या खोल्या भरतील."

"आत्ताच भरलेल्या असतात! पुढच्या वर्षीचंसुद्धा विचारून ठेवलंय लोकांनी." लोरीन दुखावली. "आणि तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत तेव्हा मी इथे होते. सूप ढवळत होते. पळीचा आवाज येत नव्हता का?"

येत होता. मी स्वतः ऐकला होता.

"चमच्याचं सांग," ताई म्हणाली. "होबार्टच्या जागी चमचा कुठे ठेवला होतास?"

"ताटाच्या डावीकडे. सगळ्यांचेच डावीकडे. उलटं मांडायचं ना? हे मी झोपेतसुद्धा चुकणार नाही."

"कपाजवळ काय होतं?"

"कप डबीला टेकूनच होता. ताट छोटं, डबी काठाबाहेर आली होती."

मग ऑटिस आला, गुडघा धरत. बसताना त्याचा गुडघा कडकडला, उठतानाही कडकडायचा.

"मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होतो. चालत जाऊन परत आलो असतो तर गुडघ्याने अख्ख्या जिल्ह्याला खबर दिली असती."

"माउथ ऑर्गन तुला हवा होता."

"हवा होता म्हणजे? शनिवारी मिळणारच होता! हातात येणारी वस्तू कोण चोरतं?" त्याने सुरी खाली ठेवली आणि आवाज उतरवला. "लिओटा, तुला माझं बोलणं आवडणार नाही. पण त्या खुर्चीच्या एका बाजूला व्हर्ना वहिनी, दुसऱ्या बाजूला तो कोलंबसवाला. हात लांबवला की ताट. स्वतःचीच वस्तू काय वहिनी चोरेल? मग उरलं कोण?"

"भूत म्हणत होतास मघाशी."

"भुतावर माझा विश्वास आहेच. पण मघाशी सगळ्यांनी खिसे उलटे केले, तेव्हा त्या पोराने कोटाच्या आतल्या खिशावर हात दाबून धरला. तू नाही बघितलंस?"

ताईने बघितलं होतं. मीही बघितलं होतं. आमच्या सगळ्या पिशव्या, लॉजची कपाटं, अगदी बँजोचं पोट तपासून झालं होतं. राहिला होता तो तेवढाच एक खिसा.

थियो आला. त्याने जेवणासाठी कोट उलटा घातला होता, बटणं पाठीवर. सगळं उलटं करायचं असतं असं मार्लीने गमतीत सांगितलं होतं आणि त्याने ते खरं मानलं होतं. अजून तसाच होता.

"थियो, खिशात काय आहे?"

"आजी, ते... मी शनिवारी सांगितलं तर चालेल?"

"इथे सगळ्यांचं सगळं शनिवारी," ताई म्हणाली. "आत्ता दाखव."

तो मानेपर्यंत लाल झाला. दारात मार्ली येऊन उभी होती, तिच्यामागे व्हर्ना वहिनी.

"दाखव ना रे," मार्ली म्हणाली. "काही नाहीये तर दाखव."

थियोने तिच्याकडे बघितलं. मग पाठीवरच्या कोटात कसाबसा हात घातला आणि टेबलावर, सालींच्या ढिगाशेजारी, एक माउथ ऑर्गन ठेवला.

४

मार्लीने दाराची चौकट धरली. ऑटिस मात्र "बघा! बघा!" करत आत धावला, गुडघा कडकडवत.

ताईने माउथ ऑर्गन उचलून दिव्याशी धरला. "हा होबार्टचा नाही. त्याच्या एका कोपऱ्याला दाताचा पोचा होता. हा नवा कोरा आहे."

"मग आणखीच वाईट!" ऑटिस म्हणाला. "बदलायला आणला होता. जुना उचलायचा, नवा ठेवायचा. वेळ पुरला नाही, एवढंच."

"तसं नाही!" थियो म्हणाला. "मी शिकतोय. बेकरीत, पहाटे, भट्टी तापेपर्यंत. नवरी घराबाहेर पडते तेव्हा तुमच्याकडे जे वाजवतात ना, त्यातलं थोडंसं मलाही यावं म्हणून. ऑटिसआजोबांच्या मागून वाजवणार होतो. हळू."

"वाजवून दाखव मग."

"आत्ता?"

"आत्ता."

त्याने वाजवलं. काय सांगू, स्वर जागच्या जागी होते, पण एकेक जण वेगवेगळ्या घरी राहत असल्यासारखे. लोरीन एप्रनआड हसली. व्हर्ना वहिनी मात्र भिंतीला टेकली आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

ऑटिसला पटलं नाही. "शिकत असेल. शिकणाऱ्याला चांगलं वाद्य हवंच असतं."

तेव्हा मार्ली भडकली. लहानपणापासून ती शांत पोर, पण भडकली की होबार्टची नात.

"बस्स! ऑटिसआजोबा, तुम्ही मला बँजोवर झोपवलंत म्हणून ऐकून घेतलं. ज्या घरात माझ्या माणसाचे खिसे तपासतात, त्या घरातून मी नवरी म्हणून निघणार नाही. उद्या आम्ही कोलंबसला जातो आणि कोर्टात सही करून मोकळे होतो. तुमचं चर्च, तुमचं जेवण, सगळं तुम्हाला लखलाभ."

"मार्ली, अगं आजीसाठी तरी..." मी म्हटलं.

"आजीने तरी त्याची बाजू घेतली का? एक शब्द तरी बोलली?"

खरंच, वहिनी एक शब्द बोलली नव्हती. आताही बोलली नाही. शालीने डोळे टिपत ती जेवणाच्या खोलीत गेली आणि होबार्टच्या खुर्चीपाशी ठेवलेला भोपळा उचलून जिन्याकडे वळली.

ताई सफरचंद सोलत राहिली. सगळे गेल्यावर म्हणाली, "उद्या पुलावरून गेल्याशिवाय कोलंबसचा रस्ता लागत नाही ना?"

"दुसरा रस्ता आहे, लांबचा."

"तू तो विसरलास," ती म्हणाली.

५

सकाळी गाडीत कुणी कुणाशी बोलेना. मुकं जेवण संपलं होतं, पण गप्प बसणं चालूच. बाहेर डोंगर नुसते पेटल्यासारखे लाल-पिवळे, आत आमची तोंडं. मी मुकाट गाडी हाकत होतो, आणि माझं लक्ष एका आवाजाकडे लागलं होतं.

माझ्या गाडीचे आवाज मला पाठ आहेत. डावा दरवाजा कुरकुरतो, चढाला पट्टा शिटी मारतो. हा आवाज नवा. खड्डा आला की टक. वळण आलं की टक.

"ताई, गाडीत काहीतरी सुटं झालंय," मी हळूच म्हटलं.

"काल सकाळी होतं?"

"नाही."

"कुठून येतोय?"

मी पुढच्या खड्ड्यात मुद्दाम चाक घातलं. टक. "मधल्या बाकाकडून."

ताईने मागे वळून बघितलं नाही. फक्त हातमोजे काढून पर्समध्ये ठेवले. निकाल सांगायच्या आधी ती चष्म्याशी असंच काहीतरी करायची.

दुसरी जागा लाकडी छपराचा जुना पूल. लग्नाच्या दिवशी वाहून गेलेली नवरी तिथे रडते म्हणतात. त्या दिवशी रडायला ती एकटीच नव्हती. मार्ली कठड्याला टेकून नाक पुसत होती, थियो तिच्यापासून हातभर लांब उभा होता, हात कुठे ठेवायचे ते न कळल्यासारखा.

"भोपळा पेटवा," ताई म्हणाली. "होबार्टचा नियम आहे."

"नको," वहिनी म्हणाली. "आतून सडायला लागलाय. मेणबत्ती टिकायची नाही."

"कालच कोरलेला? या थंडीत?"

वहिनीने भोपळा छातीशी घट्ट धरला.

ताई पुलाच्या मधोमध उभी राहिली. "सगळे इकडे या. ऑटिस, तूसुद्धा. मला चोर सापडलाय. पण चोराने काही चोरलेलं नाही, त्यामुळे शिक्षा काय द्यावी हा माझा प्रश्न आहे."

"कोड्यात बोलू नकोस गं," ऑटिस म्हणाला.

"चमच्यापासून सुरू करते. लोरीनने चमचा ताटाच्या डावीकडे ठेवला होता. कप डबीला टेकलेला. आम्ही भिंतीकडे वळलो, कुणीतरी डबी ओढली, कप हलला, चमचा सरकला. त्या माणसाने चमचा उचलून परत ठेवला, कारण आवाज झाला असता. पण ठेवला कुठे? कपाच्या तोंडावर, आडवा."

"होबार्टसारखा!" ऑटिस म्हणाला. "मी पहिल्यापासून सांगतोय, तो आला होता."

"ऑटिस, होबार्टच्या घरी तू हजारदा कॉफी प्यायलास. होबार्ट कॉफी प्यायला बसला की चमच्याचं काय करायचा?"

ऑटिसने विचार केला. "उचलायचा. ढवळायचा. बशीत टाकायचा."

"म्हणजे होबार्ट येऊन कॉफी प्यायला असता तर चमचा बशीत असता. कपावरचा चमचा पिणाऱ्या माणसाचा नसतो. वाढणाऱ्या माणसाचा असतो."

तिने थियोकडे बोट दाखवलं.

"थियोने होबार्टचा कप कधी बघितलाच नाही. शिवाय काल तो इतका घाबरलेला होता की कोटसुद्धा उलटा घालून बसला होता. त्याने चमचा ठेवला असता तर लोरीनने ठेवला तिथेच, मोजूनमापून ठेवला असता. अशी चूक कुणाकडून होते? ज्या हाताला विचार करावा लागत नाही, त्या हाताकडून. जन्मभर रोज सकाळी एकाच माणसाचा कप मांडलेल्या हाताकडून."

मला बोगद्यातली कॉफी आठवली.

"आणि डबी?" ताईचा आवाज मऊ झाला. "आपण सगळं तपासलं. होबार्टच्या खुर्चीच्या पायाशी, विझवून ठेवलेला, त्याच्याच तोंडाचा भोपळा तेवढा कुणी तपासला नाही. सकाळपासून खड्डा आला की तो बोलतोय. एझ्राने ऐकलाय."

सगळ्यांनी वहिनीकडे बघितलं. ती खाली पुलाच्या फळ्यांवर बसली, भोपळ्याचं टोपण काढलं, आणि आत हात घालून पत्र्याची डबी बाहेर काढली. डबीला भोपळ्याचे धागे लागले होते. तिने ते शालीच्या टोकाने पुसले.

"ठरवून नाही केलं," ती म्हणाली. "भिंतीकडे तोंड केलं होतं. मनात आलं, शनिवारी यात ऑटिस फुंकणार. ऑटिस, तू वाईट नाहीस रे. पण होबार्टने शेवटचं वाजवलं ते दवाखान्यात जायच्या सकाळी. त्यानंतर यात कुणाची फुंकर गेलेली नाही. त्याची शेवटची फुंकर अजून आत आहे असं मला वाटतं. वेडेपणा आहे, ठाऊक आहे मला. हात आपोआप गेला."

"मग सांगायचं नाही का वहिनी!" ऑटिस म्हणाला.

"मला वाटलं, तुम्ही म्हणाल भुताने नेला. तू म्हणालासही! मी मनात म्हटलं, झालं, होबार्टने नेला, सगळे खूश, कुणाला त्रास नाही. मग तू या लेकराचं नाव घेतलंस, आणि तोंड उघडायचं तर आता कुठल्या तोंडाने उघडू?" ती थियोकडे वळली. "बाळा, काल तू वाजवत होतास तेव्हा माझी काय दशा झाली ते मलाच माहीत. सकाळी मार्लीपाशी सगळं बोलणार होते, पण ती दार उघडेना."

थियो तिच्याशेजारी फळ्यांवर बसला.

"आजी," तो म्हणाला, "खरं सांगू? मी इतकं वाईट वाजवलं की मला वाटलं, त्यामुळेच तुम्ही पांढऱ्या पडलात."

वहिनी आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. मार्ली धावत आली आणि दोघांच्या गळ्यात पडली. ऑटिस गुडघा कडकडवत पुढे आला, टोपी काढली.

"पोरा," तो म्हणाला. 'कोलंबसवाला' सोडून त्याने थियोला पहिल्यांदाच काही म्हटलं. "माझं चुकलं. माझ्या खिशातसुद्धा काल लोरीनच्या दोन वड्या होत्या, तपासताना मी त्या तोंडात टाकल्या."

"शिक्षा सांगते," ताई म्हणाली. "व्हर्ना, माउथ ऑर्गन तुझा. त्यात कुणी फुंकायचं नाही. थियो, शनिवारी तू वाजवायचंस. तुझ्याच नव्यावर."

"पण आजी, मला नीट येत नाही."

"म्हणूनच ऑटिसला शिक्षा. बुधवारपासून शनिवारपर्यंत तो तुला शिकवणार."

६

हॅलोविनच्या संध्याकाळी चर्चच्या आवारात आमच्याकडे सगळे गाड्या लावून मागचे दरवाजे उघडे ठेवतात. कुणी कोळ्याची जाळी टांगतं, कुणी सांगाडा बसवतं, आणि पोरं चेटकिणी, अस्वलं, अग्निशामकवाले होऊन गाडीगाडीवरून खाऊ गोळा करत फिरतात. आमच्या व्हॅनच्या मागे होबार्टच्या तोंडाचा भोपळा होता. वहिनीने स्वतः मेणबत्ती लावली. मिशीतून उजेड आला. ऑटिस बँजो घेऊन बसला, आणि थियो, कोट सरळ घालून, त्याच्याशेजारी. पहिल्याच स्वराला एक छोटी चेटकीण कान झाकून पळाली. ऑटिस म्हणाला, "बघ, भुतं घाबरतात तुला. सुरुवात चांगली आहे."

शनिवारी मार्ली वहिनीच्या घरातून निघाली. थियो अंगणात उभा राहून वाजवत होता, घाम पुसत, आणि ऑटिस बँजोवर त्याच्या चुका झाकत होता. दोन ठिकाणी झाकल्या गेल्या नाहीत. तिथे सगळ्या आवाराने टाळ्या वाजवल्या. वहिनी ओसरीवर उभी होती, हातात डबी, झाकण लावलेलं.

सहल अजून दर वर्षी निघते. गाडी आता थियो चालवतो आणि मी वळणं सांगतो.

मार्लीला पहिली मुलगी झाली, तिचं नाव जुनिया. ती चालायला लागली त्या उन्हाळ्यात एकदा वहिनीची डबी तिच्या हाती लागली. कुणी उठायच्या आत तिने माउथ ऑर्गन तोंडात घातला आणि जोरात फुंकला, थुंकीसकट. आम्ही सगळे गार. वहिनी मात्र इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. म्हणाली, "घ्या! आत होता तो बाहेर आला एकदाचा." डबी तिने पोरीलाच देऊन टाकली.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत, बारा तारखेला, गुरुवारी सकाळी व्हर्ना वहिनी वारली. होबार्टच्या शेजारी आहे.